मुकुट उतरवायचा कुणी?

आजच्या अध्यक्षा, वियारिकाच्या नगराध्यक्षा डोन्या ग्रासिएला, व्यासपीठावरचे फादर लादिस्लाओ, ज्यांच्या लग्नाला आज पन्नास वर्षं झाली ते उत्सवमूर्ती सेलसा आणि दिओनिसिओ रेकाल्दे, त्यांची मुलं-नातवंडं, आणि मागच्या दाराजवळ गरम चिपा-पावांच्या टोपल्यांवर डोळा ठेवून बसलेले समस्त वियारिकाकर हो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जन्मभर शाळामास्तरीण होते, तेव्हा माझी पाच मिनिटं किती लांबतात याची नगराध्यक्षांना कल्पना असेलच. त्या माझ्याच वर्गात होत्या.

सेलसा सुंदर होती हे सांगायला मी कशाला हवी? फोटो समोर लावलाच आहे. त्रेपन्न साली राजधानीत जी राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा झाली, तिची ती राणी. आणि मी, ही ओबदुलिया इन्सफ्रान, काआसापा गावची उमेदवार, त्याच स्पर्धेत पहिली आले होते. शेवटून. परीक्षकांनी विचारलं, “मुकुट मिळाला तर देशासाठी काय कराल?” मी तोंड उघडलं आणि उचकी लागली. एक नाही, उचक्यांवर उचक्या. सगळं नाट्यगृह हसलं. पडद्यामागे मी रडत बसले होते, तेव्हा ही नवी राणी डोक्यावर मुकुट तसाच ठेवून पाण्याचा पेला घेऊन आली. म्हणाली, “पी. नाक मी धरते.” त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण आहे.

आता नियम ऐका. पुढच्या राणीच्या डोक्यावर मुकुट ठेवेपर्यंत आधीच्या राणीनं लग्न करायचं नाही. सेलसाचं लग्न रेल्वेतल्या गार्डशी, म्हणजे या दिओनिसिओशी, ठरलेलं होतं. तो म्हणाला, “एक वर्ष काय, बघता बघता जाईल.” सेलसाचे वडील, गावचे न्यायाधीश एमेतेरियोसाहेब, यांनी नियम पाळण्याच्या वचनाखाली सही केली. पुढच्या वर्षी सरकार बदललं, स्पर्धा भरवणारे नदी ओलांडून परदेशात गेले, आणि स्पर्धा झालीच नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. त्याच्याही पुढच्या नाही.

दिओनिसिओची आई भर बाजारात विचारायची, “आमची सूनबाई सिंहासनावरून कधी उतरणार? माझे दात सगळे उतरले.” दिओनिसिओनं न्यायाधीशांना विनवलं, “साहेब, वचन घेणारेच पळाले हो.”

“घेणारा पळाला म्हणून देणाऱ्यानंही पळायचं?” साहेब म्हणाले.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? चूक होतं का त्यांचं? होतं, असं मला आजही वाटतं. पण खोटं नव्हतं.

मग अठ्ठावन्न साली एका सकाळी दिओनिसिओ आमच्याकडच्या स्टेशनवर गाडीतून उतरला. चेहरा पार उतरलेला. “बाई, मी दूर एन्कार्नासिओनला बदली मागितली आहे,” तो म्हणाला. “रोज तिच्या दारावरून शिट्टी वाजवत जायचं आणि थांबायचं नाही, हे आता माझ्याच्यानं होत नाही. राहू दे तिला राणी.”

मी म्हटलं, “बदली राहू द्या. त्या स्पर्धेतल्या मुली गोळा करा. गाडी तुमच्याच हातात आहे ना?”

त्यानं केल्या. तिकिटं कुणी काढली ते मला विचारू नका. सेलसाच्या अंगणात, आंब्याखाली आम्ही पुन्हा रांगेत उभ्या राहिलो. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “अविवाहितांनीच रांगेत थांबावं.” एकीच्या कडेवर मूल होतं, ती बाजूला झाली. दुसरीला सातवा महिना होता. तिसरी, चौथी, करत करत सगळ्या आंब्याच्या बुंध्याशी जाऊन बसल्या, आणि रांगेत मी एकटी उरले. एकटीची रांग तुम्ही कधी पाहिली आहे का?

“स्पर्धा आहे, तर प्रश्न विचारावा लागेल,” साहेब म्हणाले, आणि नेमका तोच विचारला. देशासाठी काय कराल? मला उचकी लागली. सेलसा धावत पाणी घेऊन आली, तिनं माझं नाक धरलं. मी प्यायले आणि म्हटलं, “देशाचं मला काही कळत नाही, साहेब. मी मुकुट घेईन, म्हणजे तुमची मुलगी या माणसाबरोबर आपल्या घरी जाईल.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “उत्तर थोडक्यात आहे. मान्य.” सेलसानं मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. त्याच आठवड्यात लग्न लागलं.

आणि माझं राज्य सुरू झालं. पुढे स्पर्धा पुन्हा भरू लागल्या, पण नव्या लोकांनी नवा मुकुट केला, आमचा कुणी मागितला नाही. कुणी विचारलं, बाई लग्न का करत नाही, तर मी सांगायची, राज्य चालू आहे. लोक हसायचे, मीही हसायची. आधी ती गंमत होती. मग आईचं आजारपण आलं, मग शाळा, मग त्या उत्तराची सवयच झाली. पण रविवारी शाळा नसायची तेव्हा घर फार मोठं वाटायचं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

तिसऱ्या रांगेत, मांडीवर टोपी घेऊन वेन्सेस्लाओ काबान्यास बसले आहेत. मधमाश्या पाळतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दर गुरुवारी मला मध आणून देतात, आणि माझ्या घरात इतका मध साठला आहे की मुंग्यांनीही नाद सोडला. यंदा ईस्टरनंतर त्यांनी टोपी काढून मला लग्नाचं विचारलं. मी सवयीनं म्हटलं, “माझं राज्य चालू आहे.” ते हसले नाहीत. म्हणाले, “मग मुकुट कुणाला द्यायचा ते बघा. मी थांबतो. फक्त मी एक्काहत्तर वर्षांचा आहे, एवढं लक्षात असू द्या.”

मुकुट या बिस्किटांच्या डब्यात आणला आहे. दोन खडे गेलेत, त्यातला एक कोंबडीनं गिळला. सेलसाच्या नातीला, लिसला, द्यावा म्हटलं तर ती नको नको म्हणून मान हलवते आहे. शहाणी आहे. तिच्या शेजारच्या मुलानं घाबरू नये.

तेव्हा सेलसा, तुझा तूच परत घे. राणीनं लग्न करू नये असं नियम म्हणतो. लग्न झालेलीनं राज्य करू नये, असं तुझ्या वडिलांनी तरी कुठे म्हटलं होतं? एकदा मी तुझ्या डोक्यावरचं ओझं घेतलं. आता माझं घे.

ती बघा, उठलीच. आणि हातात पाण्याचा पेला आहे. मला उचकी लागली आहे, हे तिला माझ्या आधी कळलं.

आपण मला ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. या भाषणात आणि माझ्या पन्नास वर्षांच्या राज्यकारभारात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

वेन्सेस्लाओ, टोपी घ्या. मी खाली येते आहे.