कचेरीचं उघडं कार्ड

आमच्या सासूबाईंना वाचता येत नसे. त्यामुळे घरी आलेलं प्रत्येक कार्ड पोस्टमन महमूदभाई ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवत. त्या सवयीपायी एकदा माझा जीव टांगणीला लागला होता.

सुईणीचं शिक्षण पुरं करून मी नोंदणीसाठी मुंबईच्या कचेरीत अर्ज केला होता. लग्न ठरवताना वडिलांनी माझं वय चार वर्षांनी कमी सांगितलं होतं, पण अर्जात शाळेच्या दाखल्यावरचं खरं वय लिहावं लागलं. नवऱ्याचंही वय विचारलं होतं, तेही लिहिलं. महिन्याभराने कचेरीचं उत्तर आलं, तेही साध्या उघड्या कार्डावर.

महमूदभाई अर्ध्यावर थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

"पुढे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढचं अक्षर लागत नाही, मावशी."

"आतापर्यंत तर घडाघडा वाचत होतास. वाच."

त्यांनी मान खाली घालून वाचलं, "अर्जदार बाई पतीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या दिसतात. वय बरोबर असल्यास तसे कळवावे."

"हळू वाच रे," सासूबाई म्हणाल्या, "चंदू आत जेवतोय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? तुझ्या आईने लग्नाआधीच माझ्या कानावर घातलं होतं. म्हटलं, बरं झालं, आमच्या चंदूला कुणीतरी मोठं माणूस हवंच आहे. आता उत्तर तेवढं पाकिटातून पाठव गो. त्या कचेरीला कळत नसलं, तरी आपल्याला कळतं."