आधी गार, मग गरम, मग कपाळ

सन्माननीय अध्यक्ष साहेब, संचालक बाई, व्यासपीठावरील पाहुणे, ह्यांच्या विभागातील सर्व मंडळी आणि सोबत आलेली त्यांची घरची माणसं, सर्वांना माझा नमस्कार.

खरं तर आज ह्यांच्या निरोप समारंभात बोलायचं ह्यांनी. पण आजारपणापासून ह्यांची जीभ जड झाली आहे, म्हणून विभागप्रमुख म्हणाले, "वहिनी, तुम्हीच दोन शब्द बोला." मी मॅट्रिक झालेली. उपग्रहाबद्दल मी काय सांगणार? जेवताना जे कानावर पडलं, तेवढंच.

वरून जमिनीची ऊब मोजणारं उपकरण बनवायचं, हे ह्यांचं काम. ओली जमीन सावकाश तापते, सुकी लवकर. त्या उबेवरून ओल ओळखायची. पण हे उपकरण एकदम जमिनीकडे बघत नाही. आधी ते काळ्या मोकळ्या आकाशाकडे बघतं, ते गार. मग स्वतःच्याच पोटातल्या तापवलेल्या पट्टीकडे बघतं, ते गरम. दोन्ही नीट ओळखता आलं, तरच जमिनीचं मोजमाप खरं धरायचं.

हीच रीत ह्यांनी घरात आणली. मुलीला कणकण आली की आधी पाण्याच्या भांड्याला हात, मग चहाच्या कपाला आणि मग तिच्या कपाळाला. मी म्हणायची, "अहो, पोर तापाने फणफणलीय आणि तुमची प्रदक्षिणा कसली चाललीय?" त्यावर हे, "अगं, हात खरा आहे का ते आधी बघायला नको?" मी देवाला हात जोडायची आणि तो चहा निवायच्या आत पिऊन टाकायची. वाया कशाला घालवायचा?

गेल्या हिवाळ्यात मला कसकस वाटत होती. ह्यांनी भांड्याला हात लावला. मग कप धरला. धरूनच ठेवला. कपातून वाफ येत होती, बोटं लालबुंद झाली होती आणि हे म्हणाले, "चहा गार दिलास." मी म्हटलं, "पुरे झाली थट्टा!" माझ्या कपाळाकडे आलेला हात मध्येच थांबला. तो मागे घेत हे म्हणाले, "आता माझं मोजमाप धरू नकोस." शेवटचे शब्द अडखळले, ते तेव्हापासून अडखळतच आहेत.

इस्पितळातून घरी आलो, पण उजव्या हाताची जाणीव काही परतली नाही. केसाहून बारीक तारा जोडणारा हात तो. नवं उपकरण टेबलावर अर्धंच राहिलं. साहेब घरी येऊन म्हणाले, "नुसतं बसायला तरी या." ह्यांनी नकारार्थी मान हलवली. ज्याला स्वतःचं गरम कळत नाही, त्याचा आकडा कागदावर घेऊ नये, हे ह्यांनीच तुम्हाला शिकवलं ना? मग स्वतःला सवलत कशी देणार? मी मात्र रोज त्या हातासाठी देवाशी भांडते. अजून त्याने ऐकलेलं नाही.

मघाशी तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात, तेव्हा हे डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते. पाहिलंत का?

आज सकाळी निघताना मी पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होते. ह्यांनी डावा हात पुढे केला. आधी पाण्याचं भांडं. मग कप, आणि चटकन मागे घेतला. मग माझं कपाळ. बराच वेळ. एकेक शब्द ओढत म्हणाले, "ताप नाही. रडतेयस."

मोजमाप बरोबर होतं.

ते अर्धं राहिलेलं उपकरण वर जाईल, त्या दिवशी आम्हाला आठवणीने कळवा, एवढंच मागणं. ह्यांना इतकी वर्षं जपलंत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. काही कमी-जास्त बोलले असेन, तर ही बाई तोंड उघडण्याआधी गार-गरम बघायला विसरली असं समजा आणि पोटात घाला. नमस्कार.