आज चकली, उद्या सोऱ्या

मंडळी, तुम्ही सगळे लांबून आलात. मँचेस्टरवाले तर पहाटेच निघाले असतील. मी मेधा, बेसिंगस्टोक शाखेची. बोलायला उभी राहिले खरी, पण समोर अरविंदकाकांचा फोटो आहे, आणि तो फोटोसुद्धा म्हणतोय, "मेधा, विषयाला धरून बोल."

शैलाकाकू, हसलात. बरं वाटलं.

काका आयुष्यभर कॉलेजात संघराज्यांचे कायदे शिकवत होते. केंद्राने कुठे थांबायचं, राज्यांकडून कर कुठवर घ्यायचा, हे. रिटायर झाले आणि आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. म्हणाले, "या देशाला लिखित घटना नाही, निदान मंडळाला तरी असू दे." आणि बसून लिहिली. हे इथलं, लंडनचं एजवेअर म्हणजे केंद्र, बाकीच्या शाखा म्हणजे राज्यं. आम्ही आपल्या हळदीकुंकवाला जमायचो. आम्हाला काय ठाऊक, आम्ही राज्य आहोत ते.

मग ती दिवाळी आली. केंद्राच्या कमिटीने ठरवलं, प्रत्येक शाखेने फराळाचा चौथा हिस्सा एजवेअरला पाठवायचा. सक्तीने. मराठी माणूस, चौथाई आठवणारच. ठराव फेटाळला कुणी? काकांनीच. स्वतः केंद्राचे अध्यक्ष असून. म्हणाले, "आज चकली मागाल, उद्या सोऱ्या न्याल."

आणि माझ्या चकलीवर त्यांचा किती जीव, ते काकूंना विचारा. मी म्हटलं, कर नको तर नको, मी प्रेमाने आणते. तर म्हणे, "प्रेमाची प्रथा होते, प्रथेचा कायदा होतो. अध्यक्षाने घ्यायचं नाही." मग दर दिवाळीला ट्रेनने स्वतः बेसिंगस्टोकला यायचे. "इथे मी पाहुणा," म्हणत माझ्या टेबलावर बसून खायचे. निघताना डबा भरून दिला तर स्टेशनवर परत माझ्या हातात. मी तोंडावर म्हणाले होते, अहो काका, तुम्ही दीडशहाणे आहात. त्यावर खूश झाले.

शेवटचं भेटले ते इथल्याच हॉस्पिटलात. मी पर्समधून हळूच चकली काढली. काका म्हणाले, "मेधा, हे हॉस्पिटल केंद्राच्या हद्दीत येतं." काकू वैतागल्या. "अहो, आता तरी ती घटना ठेवा बाजूला." काकांनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, "मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतोय. तुम्ही दोघी साक्षीदार." आणि लगेच, "आता माझी कवळी द्या."

अर्धी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाले.

रडू येतंय मला. येऊ दे.

निखिल, तू नवा अध्यक्ष. काकांच्या आठवणीसाठी दर दिवाळीला प्रत्येक शाखेने फराळ पाठवलाच पाहिजे, असा ठराव तू आज मांडणार आहेस. तुझं प्रेम खरं आहे रे. पण ज्या माणसाने अर्ध्या चकलीसाठी खुर्ची सोडली, त्याच्याच नावाने चकली वसूल करायची? तेवढं करू नकोस. ज्याला खायची असेल त्याने बेसिंगस्टोकला यावं. काका यायचेच ना.

मान हलवलीस. सगळ्यांनी बघितलं हं.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. हे घटनेत लिहिलेलं नाही, केंद्राचा आदेशही नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी खुशाल बसावं. ज्याला आतून वाटेल त्यानेच उठावं.

सगळेच उठलात की.

काका, बघा. कुणी सक्ती केलेली नाही.