कारखाना कुणाचा?

फुलंब्रीच्या बसमध्ये निलोफर आपल्या नव्या बुटिकच्या उद्घाटनाची कार्डं मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर दोघं बोलत होते.

"कडबाकुट्टी मशीनचा कारखाना बंद केला, दाऊदभाई."

"का रं रामहरी? ऑर्डरी तर लई होत्या!"

"मिस्त्री सोडून गेला. मला कुठं वेल्डिंग येतंय? मशीन अडली की गिऱ्हाइकाला काय, कारखान्याचा बोर्ड दाखवू?"

"मग कारखाना कुणाचा होता रं? तुझा का मिस्त्रीचा?"



"आता शिकून जमंल का? चाळिशी उलटली."

"उद्या माझ्या वर्कशॉपवर ये. जुने कपडे घालून ये."

निलोफरनं कार्डं पिशवीत कोंबली आणि आपल्या टेलर मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, उद्घाटन राहू द्या. आधी मला कापड बेतायला शिकवा. कैची कुठली आणू?"