चादरीची घडी

ताई : हसू नकोस. सकाळी त्या भरल्या थिएटरात हसलास तेवढं पुरे झालं.

धाकटा : हळू बोल ना ताई. शेजारच्याच खोलीत महोत्सवाचे परीक्षक उतरलेत.

ताई : ऐकू दे की. त्यांच्यातलाच एक माझ्या पुढच्या रांगेत होता. तुझी हकीकत ऐकून शेजारणीला म्हणाला, म्हणजे हा अभिनय नव्हेच. संध्याकाळी अभिनेत्रीचं बक्षीस ज्यांनी ठरवायचं, त्यांच्यातला माणूस.

धाकटा : प्रेक्षकांतून प्रश्न आला, दिग्दर्शक म्हणून उत्तर दिलं. सिनेमामागची गंमत लोकांना हवीच असते.

संकलक : कसली गंमत? मी प्रोजेक्टरच्या खोलीत होते, मला काही ऐकू आलं नाही.

ताई : मग ऐका, संकलन तुमचं आहे, तुम्हाला कळायलाच हवं. आईला मुलीच्या अपघाताची बातमी कळते तो प्रसंग कसा घेतला, असं कुणीतरी विचारलं. याने माईक धरला आणि सांगितलं, माझी बहीण पडली नाटकातली, तिला काही केल्या ते जमेना. मग मी सहायकाला पाठवलं आणि खोटंच सांगायला लावलं, की तुमची खरी मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली, शुद्धीवर नाही. आणि कॅमेरा चालू ठेवला. लोक हसले. टाळ्याही पडल्या.

संकलक : खोटंच होतं ते? मला तर म्हणालास, शाळेकडून चूक झाली.

ताई : मलाही तेच सांगितलं होतं. सारख्या नावाची दुसरीच मुलगी पडली म्हणे. त्या दिवशी मी अनवाणी फाटकापर्यंत धावले, वाटेत पडले, गुडघा फुटला. तिथे याने मला गाठलं, पोरगी सुखरूप आहे म्हणाला, आणि मी याच्याच गळ्यात पडून रडले. देवासारखा धावून आलास म्हटलं. तिचा सख्खा मामा ना रे तू? जीभ कशी रेटली तुझी?

धाकटा : सिनेमासाठी केलं. तुझ्याही भल्याचंच झालं. त्या एका शॉटच्या जोरावर आपण इथवर आलो.

ताई : कोणत्या शॉटच्या?

धाकटा : त्याच की.

ताई : पडद्यावर काय दिसतं ते सांग. बातमी येते तेव्हा ती बाई काय करते?

धाकटा : चादरीची घडी घालते.

ताई : घडी निम्मी झालेली असते. ती पुरी करते. कोपऱ्याला कोपरा लावते, चादर खाटेवर ठेवते आणि मग खाली बसते. माझी पोर पडल्याचं कळलं तेव्हा मी घड्या घालत बसले होते का?

संकलक : नाही. ते चित्रण मी पाहिलंय. तुम्ही पळालात त्या पहिल्याच पावलात फ्रेमबाहेर गेलात. मागे उरलं ते उघडं दार. त्यातला एक तुकडाही मी वापरला नाही. सिनेमात आहे तो त्याआधीचा टेक, तुम्ही करून दाखवलेला. याला मी तेव्हाच सांगितलं होतं, हाच टेक घ्यायचा, आणखी काही नको.

ताई : ऐकलंस? माझ्या काळजावर सुरी फिरवून तुला मिळालं काय, तर उघडं दार. आणि माझं काम आता स्वतःच्या हुशारीच्या नावावर खपवतोस. ती घडी मी बसवली होती रे. घरात इतक्या चादरी उलगडल्या, परत त्यांच्या घड्या घातल्या, की घरचे म्हणायला लागले, लाँड्री काढायचा विचार आहे का.

धाकटा : आधी परदेशातल्या एका मुलाखतीत सहज बोलून गेलो. ते तिकडे इतकं गाजलं, की जाईन तिथे तेच विचारायला लागले. मग माघार कशी घेणार?

ताई : आज घे. मंचावर, सगळ्यांसमोर खरं सांग.

धाकटा : म्हणजे मी खोटारडा ठरणार.

ताई : ठरायचं बाकी काय आहे?

धाकटा : बरं. दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं तर माईक हातात येईल. तेव्हा सांगतो. शब्द दिला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलात, न्याहारीच्या टेबलाशी.)

धाकटा : सामान खाली आणलंस? आपली गाडी दुपारची आहे.

ताई : आम्ही दोघी आधीच्या गाडीने निघतोय.

धाकटा : ताई, काल मंचावर वेळच दिला नाही गं त्यांनी. आभार मानेपर्यंत संगीत सुरू झालं.

संकलक : तेवढ्या वेळात वितरकाच्या बायकोचेही आभार मानून झाले तुझे.

ताई : माझेही मानले. जिच्यावाचून हे शक्य नव्हतं, वगैरे. सगळे वळून बघत होते म्हणून मी उठून नमस्कार केला. अभिनयाचं बक्षीस दुसऱ्या सिनेमातल्या मुलीला गेलं, तिचा राग नाही, काम चांगलंच आहे तिचं. पण जेवताना तो परीक्षक आपणहून माझ्यापाशी आला. म्हणाला, वाईट वाटलं, पण फसवून काढून घेतलेलं काम आम्हाला अभिनयात धरता येईना. मी म्हटलं, ती घडी मी घातली आहे, ठरवून घातली आहे. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. बक्षीस हुकल्याचं मनाला लागलंय, असं वाटलं त्याला.

धाकटा : घरी पोचलो की लिहून काढतो. सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवतो.

संकलक : पाठव, नाहीतर राहू दे. पुढच्या सिनेमाला मात्र दुसरं कुणीतरी बघ.

धाकटा : बाई, तुम्हीसुद्धा?

ताई : आत्ताच लेकीचा फोन आलाय. मामाला बक्षीस कशाबद्दल मिळालं, विचारत होती.

धाकटा : काय सांगितलंस?

ताई : काही नाही. मामालाच विचार म्हटलं. धर, ती फोनवर थांबली आहे.