परम्या त्याच्याच पिक्चरात दिसत न्हाई

अण्णा, आयाबायांनो, पोरांनो,

खरं सांगतो, परम्याच्या शोकसभेचं हे भाषण लिहायचं मी लई टाळलं. लिहायला बसलो की उठून आष्टीला जायचो, तिथनं वडवणीला. बाजारात उगाच शेळ्यांचे दात बघत फिरायचो. घ्यायची एक न्हाई. असू द्या. लिहिलं की परम्या गेला हे पक्कं होईल, असं वाटायचं. मोटारसायकल घसरली आणि माझा दोस्त गेला. पक्कंच हाय ते.

तुम्ही त्याला हसायचात. "काय बे परम्या, घावलं का जनावर?" त्याला राक्षसाचा पिक्चर काढायचा होता; त्या राक्षसालाच आपण जनावर म्हणायचो. कुणाच्या तरी मोबाइलात सापडलेलं खरं शूटिंग वाटावं, तसा. हलणारा, अर्धवट दिसणारा. अर्धं गाव ऊसतोडीला गेलं की आपली गल्लीच त्याला पुरायची. दारांना कुलपं, पुढं बाभळीच्या फांद्या. तो नुसता चालायचा. त्याचा श्वास ऐकू यायचा. तवर जनावर दिसायचं न्हाई, आणि आपलीच गल्ली बघून माझ्या अंगावर काटा यायचा. असल्या पिक्चरची हीच ताकद.

मी भांडायचो. "जनावर मागं लागल्यावर मोबाइल कोण धरून ठेवतं बे? फेकून पळंल ना माणूस!"

"फेकला तर तू काय बघशील, येड्या?"

याला धड उत्तर असल्या कुठल्याच पिक्चरकडं न्हाई. शिवाय जनावर दाखवलं की भीती संपली. आमचं जनावर तर गोणपाट पांघरलेलं पोरगं. पळताना चप्पल दिसायची.

पण खरी खोट मला आता कळली. शूटिंग करणारा दिसतच न्हाई.

दहावा-तेरावा झाला आणि त्याची माय परत तोडीवर गेली. जाताना मला म्हणाली, "फोटोत त्यो गप बसतोय, बाबा. मला बोलताना दाव." मी सगळं शूटिंग बघितलं. पुन्हा बघितलं. हात हाय. सावली हाय. आवाज तर सगळीकडं हाय. तोंड कुठंच न्हाई. कावून रे परम्या, एकदा तरी मोबाइल स्वतःकडं फिरवला न्हाईस?

साखर कारखाना बंद झाल्याबिगर माय येत न्हाई. तवर कुणाच्या मोबाइलात, कुणाच्या लग्नाच्या शूटिंगात तो बोलताना असंल, तर द्या. हात जोडतो.

आता उभे राहा. त्याच्यासाठी जरा गप राहू.

थांबा. रस्त्यावर ट्रक थांबलाय. बोचकं घेऊन कोण उतरतंय? वाट द्या, आयाबायांनो, वाट द्या. कारखाना चालू असतानाच परम्याची माय आलीय.