अकरा छर्रे

—नाय साहेब, जुने घालणार नाय. घाई हाय, मोखाड्याला तापाची औषधं न्यायचीत, सगळं खरं. पण पायडलच्या आसाला दोन बाजूंना दोन वाट्या, एकेका वाटीत अकरा छर्रे. डावीकडचे बरे हायत. उजवीकडचे हे बघा — पार चिंचोके झालेत. बदलायचे तर अकराच्या अकरा. थोडे नवे, थोडे जुने घातले तर काय होतं? नवा केसभर मोठा, सगळा भार त्याच्यावर, नि तो फुटतो. तुकडे अडकले की पायडल जागच्या जागी. माझी बायको, चैती, बोलायची — जुन्या तांदळात नवा मिसळू नये, नव्याचा गाळ होतो नि जुना कच्चा राहतो. तिला तांदळाचं कळायचं, मला छर्‍यांचं कळलं नाय — नाय, खोटं कशाला बोलू, कळत होतं.

तुम्ही बसा त्या पेटीवर. तो टांगलेला भोपळा — त्याला हात नका लावू. खुळखुळा हाय तो. मीच केलाय, वाळका भोपळा कोरून.

ही सायकल मी आधी खोललीय. तुमच्या आधीचे कंपाउंडर, दळवी, त्यांच्या वेळी, गेल्या माघात. पुडीत बरोबर अकरा नवे होते माझ्याकडं. पण चैती पहिलटकरीण, माहेरी गेलेली, सूर्यमाळला — मला वाटलं, चार चकचकीत छर्रे भोपळ्यात टाकावेत, बियांपरीस गोड वाजतात. टाकले. सायकलीत सात नवे, चार जुने, पुसून. दळवींना काय दिसणार? तिसऱ्या दिवशी सकाळी सूर्यमाळहून माणूस आला, चैती अडलीय बोलला. दळवी भले, पुढ्यातलं ताट सारून निघाले, याच सायकलीवर. मी मागून पायी. मोखाड्याच्या चढावर गाठ पडली — सायकल उलटी घालून बसलेले. पायडल हलेना. मी आस काढला, वाटीत छर्‍याची दोन शकलं. उरलेली वाट ते चालले, औषधाची पेटी डोक्यावर. पोचलो तर उन्हं कललेली, नि चैती दुपारीच गेली. पोटात पोरगी होती, ती पण. दळवी मला बोलले, असतं एकेक सायकलीचं नशीब. नि मी — मी मान डोलावली साहेब. नंतर ही सायकल दुरुस्तीला डहाणूला धाडली त्यांनी, मी हात लावला नाय. आज तुम्ही आणलीत. का सांगतोय हे मी तुम्हाला? कुणाला सांगितलं नाय अजून.

असू द्या. छर्रे बघू. पुडी परवाच नाशिकहून आलीय, वाटेत भिजलीय. काचेवर एकेक फिरवून बघतो — हा गंजला. हा पण. हा अडखळतोय, ऐकलंत? आठ चांगले. तीन कमी. दुसरी पुडी यायला आठवडा जाईल. थांबता? नाय, कसे थांबाल, तिकडं माणसं तापानं पडलीत.

तो भोपळा द्या इकडं. द्या, मीच सांगतोय ना. फोडल्याबिगर निघायचे नायत. — हे बघा. काचेवर कसे धावतात. माप पण तेच. नवेच हायत साहेब, कुणी वाजवलेच नायत.

झालं. बसा, पायडल मारून बघा. कुठं लागतंय? नाय ना. चौथा? त्याला वाटीत जागा नाय. तो राहू द्या माझ्याकडं. पैसे खिशात ठेवा. निघा आता. निघा म्हणतो ना.